वाढत्या चंद्रात लोखंड लावू नये

१८ नोव्हेंबर
पौर्णिमा होऊन तीन दिवस, चंद्र उतरता

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडणार नाहीस, एवढ्याच आशेवर लिहिते आहे. पत्ता शेजारच्या शिंपीकाकांकडून घेतला. आधी आढेवेढे घेतले त्यांनी. म्हणाले, "कुणाला देऊ नका असं सांगून गेलीय ती." मी म्हटलं, "कुणाला म्हणजे मलाच ना? मग सरळ माझंच नाव घ्या की." तेव्हा हसले आणि मापाच्या वहीचा कोपरा फाडून लिहून दिला. त्यांना बोल लावू नकोस. रोज माझ्याकडून काजं करून घेतात, किती दिवस तोंड चुकवतील बिचारे?

फोन का केला नाही, असं मनात येईल तुझ्या. फोनवर तू माझा नुसता आवाज ऐकून पुढचं सगळं ओळखतेस, म्हणून.

विशेष काही नाही. काल आम्ही लसूण लावला. अण्णा स्टुलावर बसून पाकळ्या सुट्या करत होते आणि मी वाफ्यात खोचत होते. बूड खाली, टोक वर, मध्ये चार बोटं. चंद्राचा तक्ता मी अजून दर महिन्याला नवा काढते आणि ओट्याच्या वर चिकटवते. उतरत्या चंद्रात मूळ, वाढत्या चंद्रात पान. आणि वाढत्या चंद्रात जित्या लाकडाला लोखंड लावायचं नाही. लहानपणी तू हे पाढ्यांसारखं म्हणायचीस. एकतीस वर्षं गावातली सगळ्यात मोठी बाग ज्याने सांभाळली, त्या माणसाला आता परसातले आठ वाफे पुरतात. पण ऐट तीच. मी एक पाकळी वाकडी लावली तर म्हणतात, "मोठे, ही उगवेल तेव्हा तुझ्याकडे बघून तोंड वाकडं करेल."

स्टुलावर का, हे तू विचारणारच. पायाला जरासं लागलंय. दोन आठवड्यांपूर्वी दाताळ्याचा दात बुटातून आत गेला. साखरेमुळे पाय बधिर, त्यांना पत्ताच नाही. संध्याकाळी बूट काढला तेव्हा मोजा अंगठ्याला चिकटलेला. मी धुतलं, मलम लावलं. सुकत आलंय आता.

तीन वर्षांपूर्वी झालं ते झालं. "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस" असं मी म्हणाले, तेव्हा आईला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आणि तूही काही कमी बोलली नाहीस. "ताई, तू अण्णांना त्यांच्यासाठी नाही, स्वतःसाठी ठेवून घेते आहेस." हे वाक्य मी इतक्यांदा मनात घोळवलंय, की आता ते तुझं आहे की माझं तेही कळेनासं झालंय.

उत्तर दिलंस तर अण्णांना वाचून दाखवीन.

तुझी ताई


२ डिसेंबर
काल अमावस्या होती, आजपासून चंद्र वाढता

धाकटे,

पत्र मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन अंगठ्याच्या! अगदी हाडाची नर्स झालीस तू. रंग कसा आहे, वास येतो का, सूज कुठपर्यंत, साखर किती. चौथ्या ओळीत तरी "ताई, कशी आहेस" असेल असं वाटलं होतं. तिथे लिहिलंयस, "लगेच कळव."

तर कळवते. रंग अंगठ्यासारखाच आहे. नखाच्या कडेने थोडा जांभळा. वास मलमाचा. सूज संध्याकाळी असते, सकाळी उतरते, बहुतेक.

शनिवारी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. आता त्यांनी आईच्या वेळचा तो दवाखाना वाढवलाय, बाहेर लाकडी बाक टाकलेत. त्यांनी पाय हातात धरून बराच वेळ पाहिला. टाचणीचं बोथट टोक लावून विचारत होत्या, "इथे कळतंय? इथे?" अण्णा म्हणाले, "बाई, कळत असतं तर दाताळ्यालाच ओरडलो नसतो का?" बाई हसल्या नाहीत. मग मला बाहेर बाकावर बोलावलं. काय म्हणाल्या ते सविस्तर पुढच्या पत्रात लिहिते, टपाल निघायची वेळ झालीय.

उद्या पालक पेरायचाय. वाढत्या चंद्राचा पहिला आठवडा पानांना सगळ्यात चांगला. माती कोरडी आहे, म्हणून आज झारीने हलकं पाणी देऊन ठेवलं. सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं असतं, चाललं की पायाखाली मीठ तुडवल्यासारखा आवाज येतो. कोबीचे गड्डे धरलेत, एक तर माझ्या डोक्याएवढा झालाय. अण्णा म्हणाले, "म्हणजे आत काही नसणार." गुलाबांच्या काड्या फार वाढल्यात, पण छाटणी पौर्णिमेनंतरच. मागच्या भिंतीच्या कडेचं कुजलेलं खत चाळून ठेवलं, त्यात एक घोंगडीएवढं मुळांचं जाळं निघालं, कशाचं कोण जाणे, ओढलं तर संपेना.

बघ, टपालाची वेळ म्हणता म्हणता पान भरलं.

ताई


९ डिसेंबर
अर्धा चंद्र, वाढता

धाकटे,

कागदावरही इतकं ओरडता येतं हे मला माहीत नव्हतं. एकच ओळ आणि तिच्याखाली पेनाने कागद फाटलेला. "ताई, डॉक्टर काय म्हणाल्या?"

म्हणाल्या, अंगठा काढावा लागेल. मोठ्या हॉस्पिटलात सहा तारखेची वेळही घेऊन दिली होती. आता सहा तारीख उलटून गेली, म्हणून शांतपणे लिहिते आहे. गेलो नाही आम्ही. अण्णा तयार होईनात. म्हणाले, पौर्णिमा होऊ दे. त्यांचा हट्ट तुला नवा नाही.

तू म्हणशील, तू समजवायचंस. समजवलं की. पण खरं सांगू, त्यांचं अगदीच चूक आहे असं मलाही वाटत नाही. तुला द्राक्षाचा वेल आठवत नसेल, तू तेव्हा रांगत होतीस. स्वयंपाकघराच्या दाराशी होता. आईने लग्नानंतर पहिल्यांदा लावलेलं झाड. मी बारा वर्षांची. हिवाळा संपत आला होता, अण्णा कामावर, आणि मला त्यांच्यासारखी छाटणी करून दाखवायची होती. त्यांची कात्री घेतली आणि वेल कापला. चंद्र वाढत होता. धाकटे, तो वेल रडला गं. प्रत्येक कापल्या जागेतून पाणी, टप टप, नऊ दिवस. मी आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, त्याही भिजल्या. सकाळी उठून आधी खाली जाऊन बघायची, थांबलंय का. पुढच्या वर्षी वेल गेला. अण्णांनी एवढंच विचारलं, "वाढत्या चंद्रात लोखंड लावलंस ना?"

त्यानंतर मी वाढत्या चंद्रात जित्या झाडाला कात्री लावलेली नाही. नखंसुद्धा काढत नाही.

पौर्णिमेला सहा दिवस राहिलेत. ती झाली की लगेच नेते. सहा दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे? तू यायची घाई करू नकोस. इथे मी आहे.

ताई


१७ डिसेंबर
पौर्णिमा होऊन दोन दिवस, उतरता

धाकटे,

काल सकाळी आठ वाजताच हॉस्पिटलात फोन केला. तिथला कारकून म्हणाला, "बाई, सहाची जागा तुम्हीच सोडलीत. आता सव्वीस." मी म्हटलं, सव्वीसलाही चंद्र उतरताच आहे, चालेल. त्यावर तो म्हणाला, "काय म्हणालात?" मी फोन ठेवला.

आता अंगठ्याशेजारचं बोटही तसंच झालंय. मी रोज दोनदा धुते, स्वच्छ फडकं बांधते. अण्णा दिवसभर झोपून असतात. खिडकीशी खाट सरकवली आहे, म्हणजे वाफे दिसतात. पण ते वाफ्यांकडे पाहत नाहीत, छताकडे पाहतात. कालपासून मला "मोठे" म्हणत नाहीत, नुसतं "अगं" म्हणतात. आईला म्हणायचे तसं. मी ओ देते.

घरात वास आहे थोडा. कोबीचा तो मोठा गड्डा आतून सडला होता, त्याचा असेल. उपटून लांब टाकला तरी जात नाही. शिंपीकाका काजांचे कपडे आता दारातूनच देतात. रुमाल नाकाला लावून म्हणाले, "सर्दी झालीय." त्यांच्या बायकोलाही झालीय म्हणे. सगळ्या गल्लीलाच झालेली दिसते.

उतरत्या चंद्राची कामं तुंबलीत. काल गाजरं काढली. यंदा सगळी फाटे फुटलेली, दोन पायांची. एक तर इतकं माणसासारखं होतं, की मी ते तसंच मातीत परत पुरलं. गुलाब छाटले. कात्री मारली तिथे टिपूससुद्धा आला नाही, कोरडी, पांढरी, स्वच्छ जखम. वाटलं, बघ, हे असं असतं. थोडं थांबलं की असं होतं.

सव्वीसला नऊ दिवस.

तू पत्रात लिहिलंस, "ताई, मला खरं सांग, ताप आहे का?" थोडा आहे. दुपारी चढतो.

ताई


२० डिसेंबर
हॉस्पिटल

तुझ्या वॉर्डात फोन करून निरोप ठेवला आहे. तरी हे पाकीट शिंपीकाकांच्या हाती देते, ते कापड आणायला तुझ्याच गावाला निघालेत.

सकाळी अण्णा उठेनात. अंग भाजत होतं आणि दात वाजत होते. शिंपीकाकांनीच गाडी बोलावली, त्यांनीच आधार देऊन आत बसवलं. या वेळी रुमाल नव्हता नाकाला. इथल्या सर्जनने फडकं सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नवल वाटल्यासारखं. म्हणाला, "हे तुम्ही रोज बघत होतात?"

बोटांवर भागणार नाही आता. गुडघ्याखाली. मी सही केली.

ये. पायरीचं मी बोलले होते ते परत घेते.


२२ जानेवारी
उतरता, अमावस्येला सात दिवस

धाकटे,

तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदा कागद घेऊन बसले. तू इथे तीन आठवडे होतीस आणि आपण मिळून पन्नास वाक्यं बोललो नसू. औषधाची वेळ, पाणी गरम, चादर बदल. एवढंच. तरी तुझ्या पावलांची सवय झाली होती. आता घरात घड्याळाचाच काय तो आवाज.

तू त्यांना नेलंस ते बरोबरच केलंस. तळमजला, हॉस्पिटल दोन पावलांवर, आणि घरात तू. मी वाद घातला नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. गाडीत बसवताना अण्णांची घोंगडी सरकली आणि विजार जिथे संपायला नको तिथे संपलेली दिसली. मी फाटकाशी उभी होते. हात हलवायचा राहूनच गेला.

सामान भरताना तू एकदाच विचारलंस, "ताई, सहा तारखेला का नाही गेलात?" मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून अण्णा म्हणाले, "मीच नको म्हणालो. चंद्र वाढत होता." तू कपाळावर हात मारून घेतलास. "अण्णा, तुमच्या चंद्राने पाय खाल्ला तुमचा." ते म्हणाले, "खाल्ला खरा."

मी चादरींच्या घड्या घालत होते.

इथे सगळं करपलंय. चार रात्री लागोपाठ दहिवर पडलं. पालक काळा होऊन मातीला चिकटला. लसूण मात्र वर आलाय, ओळीने, हिरव्या सुयांसारखा. चंद्राचा तक्ता या महिन्यात काढला नाही. कुठल्या दिवशी काय करायचं ते विचारायला कुणी नाही, आणि करायचं कुणासाठी?

एक विचारायचं होतं. अण्णा माझ्याबद्दल काही बोलतात का? बोलत नसतील तर तसं लिही.

ताई


१७ फेब्रुवारी
उतरता

धाकटे,

सकाळी तुझा फोन आला तेव्हा माझ्या हातात सुई होती, अजून ती त्याच काजात अडकलेली आहे. तू आधी एका दमात सगळं सांगितलंस. दुसऱ्या पायाची बोटं काळी पडायला लागलीत. चार दिवसांपूर्वी अण्णांची वाचा गेली, नुसते बघतात, कळतंय की नाही ते कळत नाही. सर्जन विचारतोय, त्यांची इच्छा काय? मग तुझा आवाज बदलला. म्हणालीस, "ताई, शुद्धीत होते तेव्हा त्यांनी एकदा नाही म्हटलंय. मी रोज लोकांचे नकार लिहून घेते. माझ्याच बापाचा नकार कसा मोडू? मला वाटतं, आता शांतपणे जाऊ द्यावं त्यांना."

मी म्हटलं, "कापा म्हणावं. त्यांनी कधी नाही म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं."

तू फोन ठेवलास. ठेवायच्या आधी एक श्वास ऐकू आला. बाकीचं ऐकायला तू नव्हतीस, म्हणून लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी अंगठा काढायला सांगितला, त्याच दिवशी घरी येताना मी अण्णांना सांगितलं. ते रस्त्यातच थांबले, काठीवर रेलले आणि म्हणाले, "गेला तर गेला. म्हाताऱ्या झाडाची वाळकी फांदी काढतातच की. काप म्हणावं." मी म्हटलं, "अण्णा, चंद्र वाढता असेल." तर हसले. "चंद्र झाडांना, मोठे. मला कुठे आता पानं फुटायचीत?"

अगदी हे शब्द. मी विसरले नाही, बदलले नाहीत. तुला लिहिताना तेवढे उलटे केले.

पाच तारखेला मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, अण्णा ऐकत नाहीत. अण्णांना सांगितलं, हॉस्पिटलने तारीख पुढे ढकलली. तुला लिहिलं, त्यांनी हट्ट धरला. एका खोट्याचे तीन तुकडे केले आणि तिघांना वाटले.

का, ते मी स्वतःला रोज विचारते. रक्त थांबणार नाही असं मला खरंच वाटलं होतं. डोळे मिटले की तो वेल दिसायचा आणि चिंध्यांच्या जागी त्यांचा पाय. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे, की अंगठा काढला की तू येशील, त्यांचं चालणं बघशील, आमच्या दारच्या तीन पायऱ्या बघशील आणि त्यांना घेऊन जाशील, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, हिवाळाभर तरी. वसंतातली पेरणी दोघं मिळून करू, मग बघू. या दोन्हींतलं आधी कुठलं मनात आलं ते मला सांगता येत नाही. चंद्र मला सोयीचा पडला, एवढं मात्र कळतं.

हॉस्पिटलात, तू यायच्या आदल्या दिवशी, अण्णा पूर्ण शुद्धीवर होते. मी पायाशी बसून रडत होते. पायाशी म्हणजे, पाय असतो त्या जागी. म्हटलं, "अण्णा, मी थांबले. वेलासारखं होईल म्हणून थांबले." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुठला वेल?"

त्यांना आठवतच नव्हता गं. मी सगळं सांगितलं, चिंध्यांपर्यंत. तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. "मोठे, हिवाळ्याच्या शेवटी कापला की कुठलाही वेल गळतो. काही होत नाही त्याला. तो मेला मुळं कुजून, पाणी साचत होतं दाराशी. मूळ-पानाचं माझ्या उस्तादाने शिकवलं, ते खरं मानतो मी. लोखंडाचं माझं पदरचं. लहानपणी तू माझी कात्री घेऊन पळायचीस. महिन्यातले निदान पंधरा दिवस तरी बोटं सलामत राहावीत म्हणून."

त्रेचाळीस वर्षं, धाकटे. एकदा जरी त्यांनी मला हे सांगितलं असतं. पण त्यांना काय माहीत मी काय उराशी धरून बसलेय? मी तरी कुठे विचारलं?

आणि एवढं सगळं ठाऊक असूनही ते तुझ्यासमोर म्हणाले, "मीच नको म्हणालो." बहिणी-बहिणींत पुन्हा फूट पडू नये म्हणून असेल. किंवा आपल्या त्या पदरच्या शब्दांची शिक्षा म्हणून. त्यांना आता विचारता येणार नाही. पण त्यांच्या त्या एका वाक्यावर तू त्यांना जाऊ द्यायला निघालीस, म्हणून ते वाक्य मी परत घेते. त्यांना जगायचंय. दोन्ही पाय गेले तरी जगायचंय. खिडकी दिली तर बास आहे त्यांना.

माझ्याबद्दल तुला जे ठरवायचं ते ठरव.

ताई


२६ फेब्रुवारी
उतरता, अमावस्येला दोन दिवस

धाकटे,

तुझं कार्ड आलं. "ऑपरेशन झालं. घोट्याच्या वर. जगतील म्हणतात. काल पाणी मागितलं, शब्द फुटला. तू येऊ नकोस."

येत नाही. शब्द फुटला, तेवढं दहा वेळा वाचलं.

हे पत्र लिहिणार नव्हते. पण काल औषधाच्या दुकानात डॉक्टरीणबाई भेटल्या. दुपारची वेळ, दुकानात चारपाच माणसं. त्यांनी विचारलं, "अण्णा कसे आहेत?" मी सांगितलं. आणि तिथेच, गोळ्यांची पाकिटं हातात असताना, सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तेव्हा ते नाही म्हणाले नव्हते. मी खोटं सांगितलं तुम्हाला." दुकानदार मोजता मोजता थांबला.

बाईंनी मला हाताला धरून बाहेर नेलं. रस्त्यापलीकडे बघत म्हणाल्या, "मला माहीत आहे. तुम्ही फोनवर सांगत होतात, अण्णा ऐकत नाहीत, आणि मागून त्यांचा आवाज येत होता. स्वच्छ ऐकू आला मला. मी पुढचा पेशंट आत बोलावला. म्हटलं, घरचा मामला, आपण कशाला मध्ये पडा." मग म्हणाल्या, "दुपारी जेवायला बसले की तो आवाज येतो मला." आणि गेल्या.

धाकटे, तुला मागच्या पत्रात सगळं लिहिलं असं म्हटलं तरी एक लिहिलं नव्हतं. मी पाच तारीख लिहिली. पाच नव्हती, सहाच होती. सकाळचे साडेआठ. अण्णा पहाटेच उठून अंघोळ करून बसले होते. दाढी स्वतः केली होती, हनुवटीवर साबण राहिला होता. पिशवीत टॉवेल, चष्मा आणि वाचायला बागेचं जुनं मासिक. मी फोनवर बोलत असताना ते मागे उभे राहून विचारत होते, "मोठे, कोट घालू का? निघायचं ना?"

मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "आज नको म्हणताहेत, अण्णा."

कोटात त्यांचा एक हात गेला होता. तो त्यांनी सावकाश बाहेर काढला, कोट खुर्चीच्या पाठीवर नीट लावला आणि म्हणाले, "बरं."

ताई